विस्मृतांची कवयित्री : नताशा ट्रेथवे

अमेरिकेच्या अगदी दक्षिणेस मिसिसिपी हे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्यापासून सुमारे बारा मैलांवर, मेक्सिकोच्या आखातात, शिप आयलंड नावाचे एक वाळूचे बेट असून त्यावर विटांनी बांधलेला एक जुना किल्ला उभा आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६३ च्या जानेवारीत, 'लुइझियाना नेटिव्ह गार्ड' ह्या पलटणीतील काही तुकड्या ह्या बेटावर पहाऱ्यास आल्या. शिपाई कृष्णवर्णीय होते. त्यांतील कित्येक तर नुकतेच गुलामगिरीतून मोकळे झालेले. पुढे दक्षिणेच्या बंडखोर सैन्यातील गोरे कैदी येथे ठेवण्यात आले आणि त्यांच्यावर नजर ठेवण्याचे काम ह्या शिपायांकडे आले. कालचा गुलाम आज पहारेकरी झाला आणि कालचा धनी बंदिवान झाला. इतिहासात असे प्रसंग क्वचितच घडतात. परंतु कालांतराने किल्ल्याच्या प्रवेशद्वाराशी जो स्मृतिफलक बसला, त्यावर नावे कोरली गेली ती कैद्यांची. दक्षिणेतील स्त्रियांच्या एका संघटनेने तो फलक बसविला होता. पहारेकऱ्यांच्या नावांस मात्र तेथे जागा मिळाली नाही.

ह्या किल्ल्यासमोरच्याच किनाऱ्यावरील गल्फपोर्ट ह्या गावी जन्मलेल्या एका मुलीने पुढे त्या पहारेकऱ्यांना आपल्या काव्यात स्थान दिले. ह्या कवयित्रीचे नाव नताशा ट्रेथवे. २००७ साली कवितेचे पुलित्झर पारितोषिक, २०१२ ते २०१४ ह्या काळात अमेरिकेचे राष्ट्रकविपद आणि दोन नामांकित विद्यापीठांत प्राध्यापकपद असे मानाचे टप्पे त्यांच्या आयुष्यात एकामागून एक आले. परंतु ह्या यशाच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा आणि जुना आहे. कोणाची आठवण ठेवली जाते आणि कोणाची पुसली जाते? समाजाला हा प्रश्न विचारणाऱ्या कवयित्रीस तोच प्रश्न एके दिवशी स्वतःलाही विचारावा लागला. त्यांच्या काव्याचे मोल जाणून घ्यावयाचे तर हे ध्यानात ठेवावे लागते.

नताशाचा जन्म २६ एप्रिल १९६६ रोजी झाला. मिसिसिपीत त्या दिवशी बंडखोर पक्षाच्या मृत सैनिकांचा स्मृतिदिन पाळला जात असे, आणि तो दिवस प्रथम पाळला गेला त्यास त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे पूर्ण होत होती. आई ग्वेंडोलिन टर्नबो ही मिसिसिपीची कृष्णवर्णीय युवती. वडील एरिक ट्रेथवे हे कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे गोरे गृहस्थ. पुढे तेही कवी व प्राध्यापक म्हणून ओळखले गेले. केंटकीतील एका महाविद्यालयात शिकत असताना दोघांची गाठ पडली. परंतु केंटकीत काय किंवा मिसिसिपीत काय, गोऱ्याने कृष्णवर्णीय स्त्रीशी विवाह करणे हा गुन्हा होता. म्हणून १९६५ साली ओहायो नदी ओलांडून ते सिनसिनाटी शहरी गेले आणि तेथे विवाहबद्ध झाले. हीच नदी ओलांडून एके काळी पळालेले गुलाम स्वातंत्र्य शोधीत असत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे रद्दबातल ठरविले ते १२ जून १९६७ रोजी. म्हणजे नताशा जन्मली तेव्हा मिसिसिपीच्या दृष्टीने तिच्या आईबापांचा विवाह हा विवाहच नव्हता. तिच्या जन्मदाखल्यात आईचा वंश 'कृष्णवर्णीय' असा लिहिला गेला, तर वडिलांच्या वंशाच्या रकान्यात 'कॅनडियन' असा शब्द पडला! राज्यघटनेतील १८९० सालचे ते विवाहबंदीचे कलम तर मिसिसिपीने १९८७ साली मतदान घेऊन काढून टाकले.

वडील त्या काळी टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' ही कादंबरी वाचीत होते. त्यातील नायिकेचे नाव त्यांनी मुलीस दिले. मुलीचे बालपण आजीच्या घरी गेले. आजी लेरेटा ही आयुष्यभर कष्ट करणारी बाई. परक्यांच्या घरी तिने धुण्याभांड्याची कामे केली, पडद्यांच्या कारखान्यात नोकरी केली, घरी बसून शिवणकाम केले. घराशेजारीच चर्च होते आणि तेथे कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीत नोंदविण्याची खटपट चाले. एके रात्री 'कू क्लक्स क्लॅन' ह्या गौरवर्णीयांच्या गुप्त संघटनेच्या लोकांनी आजीच्या घराजवळ क्रूस पेटविला. ती धमकी चर्चसाठी होती की ह्या मिश्र विवाहाच्या कुटुंबासाठी, ह्याचा उलगडा कधीच झाला नाही. नताशा त्या वेळी तान्ही होती. तिला त्या रात्रीची आठवण असणे शक्य नव्हते. परंतु घरात ती हकीकत वर्षानुवर्षे सांगितली गेली, आणि ऐकलेली आठवण ही पाहिलेल्या आठवणीइतकीच खोल रुजली.

नताशा सहा वर्षांची असताना आईवडील विभक्त झाले आणि आई तिला घेऊन १९७२ साली जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरी गेली. त्याच सुमारास अटलांटाजवळच्या स्टोन माउंटन ह्या प्रचंड खडकावर बंडखोर पक्षाच्या तिघा पुढाऱ्यांची अवाढव्य शिल्पे कोरून पुरी होत आली होती. तेथे आईने दुसरा विवाह केला आणि तो तिच्या नाशास कारण झाला. नवरा क्रूर निघाला. पुष्कळ वर्षे छळ सोसल्यावर तिने घटस्फोट घेतला, पोलिसांत तक्रारी नोंदविल्या, न्यायालयाचे दार ठोठावले. कायद्याने जे जे मार्ग दाखविले होते, ते सर्व तिने चोखाळले. तरीही ५ जून १९८५ रोजी तिच्या घटस्फोटित नवऱ्याने तिची हत्या केली. मेमोरियल ड्राइव्ह ह्या हमरस्त्यालगतच्या घरी ही घटना घडली. 'मेमोरियल ड्राइव्ह' म्हणजे स्मृतिमार्ग. हा रस्ता थेट त्या स्टोन माउंटनकडे जातो. मृत्युसमयी आई अवघी चाळीस वर्षांची होती. मुलगी एकोणीस वर्षांची असून महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकत होती.

दुःखाने मनुष्य मूक होतो तसा बोलकाही होतो; पण बोलावयाचे कसे हे त्याला शिकावे लागते. वडिलांनी मुलीस लहानपणीच कवितेची दिशा दाखविली होती. लांबच्या प्रवासात ती कंटाळली म्हणजे वाटेत दिसेल त्यावर कविता लिही असे ते सांगत. आईच्या मृत्यूनंतर तिने कवितेला जवळ केले, परंतु त्या काळातील लेखन तिचे तिलाच रुचले नाही. जॉर्जिया विद्यापीठाची पदवी १९८९ साली मिळाली. वडील ज्या हॉलिन्स येथे शिकवीत, तेथे तिने एम. ए. केले आणि १९९५ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेतून काव्यलेखनातील उच्च पदवी घेतली. ह्याच काळात बॉस्टन परिसरातील 'डार्क रूम कलेक्टिव्ह' ह्या कृष्णवर्णीय तरुण लेखकांच्या मंडळाशी तिचा संबंध आला. हे मंडळ १९८८ साली सुरू झाले होते. ज्येष्ठ लेखकांना बोलवावे, त्यांचे वाचन ऐकावे आणि त्यांच्यापुढे आपले लेखन वाचावे, असा त्याचा शिरस्ता. एका लहानशा मंडळातून पुढे दोन राष्ट्रकवयित्री निघाल्या. एक नताशा ट्रेथवे आणि दुसरी ट्रेसी स्मिथ.

२००० साली 'डोमेस्टिक वर्क' हा ट्रेथवेबाईंचा पहिला संग्रह निघाला. ज्येष्ठ कवयित्री रीटा डव्ह यांनी तो 'केव्ह केनम' ह्या संस्थेच्या पहिल्यावहिल्या पारितोषिकासाठी निवडला होता. नावाप्रमाणेच त्याचा विषय घरकाम हा आहे. आजीचे आयुष्य आणि तिच्यासारख्या असंख्य स्त्रियांचे आयुष्य ह्या कवितांत येते. मोलकरणी, धोबिणी, कारखान्यातील शिवणकामगार स्त्रिया यांची नावे इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाहीत. फार तर एखाद्या जुन्या छायाचित्राच्या कोपऱ्यात त्या उभ्या दिसतात. ट्रेथवेबाईंची दृष्टी नेमकी त्या कोपऱ्याकडे जाते. ह्या स्त्रियांविषयी त्या कळवळा दाखवीत नाहीत किंवा त्यांना देव्हाऱ्यातही बसवीत नाहीत. त्या त्यांचे हात पाहतात, काम पाहतात, रविवारी धुऊन इस्त्री केलेले कपडे पाहतात.

छायाचित्राची ही ओढ दुसऱ्या संग्रहात अधिकच दृढ झाली. १९१२ च्या सुमारास न्यू ऑर्लीन्स शहरातील वेश्यावस्तीत ई. जे. बेलॉक नावाच्या छायाचित्रकाराने तेथील स्त्रियांची चित्रे टिपली होती. चित्रे उरली, स्त्रियांची नावे गेली. त्यांतील एका मिश्रवर्णीय स्त्रीस ट्रेथवेबाईंनी ओफेलिया असे नाव दिले, तिच्या हाती लेखणी दिली आणि तिच्या पत्रांतून तिचे मन उघड केले. 'बेलॉक्स ओफेलिया' हा संग्रह २००२ साली आला. जिच्याकडे सगळे जग पाहत होते ती स्त्री येथे स्वतः जगाकडे पाहू लागते आणि अखेरीस कॅमेरा हाताळावयास शिकते.

आता 'नेटिव्ह गार्ड' ह्या १९०० च्या नव्हे, तर २००६ सालच्या, परंतु दीडशे वर्षांपूर्वीचा काळ जागविणाऱ्या संग्रहाकडे वळावयास हवे. बाई लहानपणापासून आजीबरोबर शिप आयलंडवर गेल्या होत्या. किल्ला दाखविणारे लोक कैद्यांची हकीकत सांगत, पहारेकऱ्यांविषयी अवाक्षर काढीत नसत. पुढे मोठेपणी गल्फपोर्टमधील एका उपाहारगृहात आजीशी बोलत बसल्या असता शेजारच्या मेजावरील एका अनोळखी बाईने त्यांचे बोलणे ऐकले आणि ह्या बेटाविषयी आणखीही एक गोष्ट तुम्हांस ठाऊक असावयास हवी, असे सांगून कृष्णवर्णीय पलटणीची माहिती दिली. ज्या मातीत आपण वाढलो, तिच्यातील एवढी मोठी गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नाही, ह्याचा त्यांना धक्का बसला. त्यांनी ग्रंथालये धुंडाळली, जुने दप्तर चाळले आणि त्यातून ही कविता उभी राहिली.

संग्रहाच्या नावाची जी मुख्य कविता आहे ती दहा सुनीतांची मालिका आहे. सुनीत हा प्रकार केशवसुतांपासून मराठीत रुळलेला आहे. ह्या मालिकेची रचना अशी, की एका सुनीताची शेवटची ओळ थोड्या फेरफाराने पुढच्या सुनीताच्या आरंभी येते आणि दहाव्याचा शेवट पहिल्याच्या आरंभाशी जाऊन मिळतो. मोरोपंतादी पंडित कवींचे दामयमक ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना ह्या साखळीची गोडी सहज कळेल. बोलणारा आहे एक मुक्त गुलाम, आता पलटणीतला शिपाई. तो रोजनिशी लिहितो, परंतु त्याला कोरा कागद मिळत नाही. बंडखोर पक्षातील कोणा गोऱ्याने सोडून दिलेल्या घरात त्याला एक लिहिलेली वही सापडते. तिच्यातील मजकुरावर तो आडव्या ओळींनी आपला मजकूर लिहितो. एकाच पानावर धन्याचा इतिहास आणि त्याला छेदून जाणारा गुलामाचा इतिहास! अमेरिकेच्या दक्षिणेचे ह्याहून समर्पक चित्र सापडणे कठीण. हाच शिपाई निरक्षर कैद्यांची घरची पत्रेही लिहून देतो. ज्याला अक्षर शिकविणे हा एके काळी गुन्हा मानला जाई, त्याच्याच अक्षरातून धन्याचे कुशल त्याच्या घरी पोहोचते.

मालिकेत येणाऱ्या घटना खऱ्या आहेत. १८६३ च्या एप्रिलमध्ये पास्कागूला येथील चकमकीनंतर माघारी येणाऱ्या ह्या शिपायांवर त्यांच्याच पक्षाच्या युद्धनौकेतून तोफ डागली गेली. त्याच वर्षी २७ मे रोजी पोर्ट हडसनच्या हल्ल्यात पडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची प्रेते रणांगणावर तशीच पडून राहिली. कवयित्री ह्या गोष्टी आरडाओरडा न करता सांगते. शिपायाचा स्वर संथ आहे, शब्द मोजके आहेत, आणि त्यामुळेच वाचकाचा जीव कासावीस होतो.

ह्याच संग्रहात मराठी रसिकांच्या विशेष जिव्हाळ्याची एक रचना आहे. आईवडिलांच्या विवाहावरील कविता बाईंनी चक्क गझलेत लिहिली आहे. तिचे शीर्षक आहे 'मिसेजनेशन', म्हणजे वर्णसंकर. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला ज्याचे भय वाटले तोच शब्द. प्रत्येक शेराच्या अखेरीस रदीफ म्हणून येते ते 'मिसिसिपी' हे नाव. नदी ओलांडावी, राज्य सोडावे, नाव बदलावे, तरी दर दोन ओळींनंतर मिसिसिपी पुन्हा पुढे उभी राहते. शेवटच्या शेरात कवीने आपले नाव गुंफावे हा फारसी संकेतही येथे पाळलेला आहे. फारसीतील ही गझल बडोद्यास जन्मलेल्या माधव जूलियनांनी १९३३ च्या 'गज्जलांजली'ने मराठीच्या अंगणात आणली. इंग्रजीत तिची शिस्त नीट पाळली जावी म्हणून झटले ते काश्मीरचे कवी आगा शाहीद अली. ज्या ॲमहर्स्टच्या विद्यापीठात ट्रेथवेबाई शिकल्या, तेथेच अलींनीही अध्यापन केले. परक्या भूमीतील छंद आपल्या दुःखाच्या मापाचा निघावा, ह्यात नवल नाही. अनिर्बंध शोकाला बांध घालावयाचा तर छंदाची शिस्त उपयोगी पडते. क्रूस पेटविल्याच्या रात्रीवरील कविताही अशीच 'पंतूम' ह्या मलायी बंधात रचलेली आहे. त्यात एका कडव्यातील ओळी पुढच्या कडव्यात पुन्हा येतात. घरात पुन्हा पुन्हा सांगितल्या जाणाऱ्या हकीकतीला ह्याहून योग्य घाट कोणता असणार?

परंतु ह्या संग्रहाचे खरे मर्म ह्याही पलीकडे आहे. शिपायांवर लिहीत असतानाच बाई आईवरील विलापिकाही लिहीत होत्या. हे दोन विषय वेगळे, एका पुस्तकात ते मावणार नाहीत, अशी आधी त्यांची समजूत होती. मग एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पहारेकऱ्यांच्या नावाचा दगड नाही म्हणून ज्या समाजाला त्या दोष देत होत्या, त्याच्याप्रमाणेच त्यांच्याकडूनही एक गोष्ट राहून गेली होती. गल्फपोर्टला पुरलेल्या आईच्या थडग्यावर इतक्या वर्षांनंतरही दगड बसलेला नव्हता. उपेक्षा ही केवळ द्वेषातून होते असे नाही. दुःखातून होते, संकोचातून होते, काळ जातो म्हणूनही होते. हे उमगल्यावर पुस्तकाला त्याचा आकार सापडला. पहिल्या भागात आई, दुसऱ्यात दक्षिणेचा विसरलेला इतिहास, तिसऱ्यात ह्या दोहोंच्या सांध्यावर वाढलेली मुलगी. अर्पणपत्रिका आईच्या स्मृतीस आहे. २००७ साली ह्या संग्रहास पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ह्या दरम्यान निसर्गाने आणखी एक आघात केला. २९ ऑगस्ट २००५ रोजी 'कट्रिना' हे चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आदळले. जगाचे लक्ष न्यू ऑर्लीन्सच्या महापुराकडे लागले आणि मिसिसिपीचा किनारा पुसला गेल्याचे फारसे कोणाच्या गावीही नव्हते. धाकट्या भावाच्या मालकीची जुनी भाड्याची घरे होती, ती जमीनदोस्त झाली, रोजगार बुडाला, हलाखीत पाय घसरून त्याला तुरुंगवास भोगावा लागला. 'बियॉण्ड कट्रिना' ह्या २०१० सालच्या पुस्तकात गद्य, पद्य व पत्रे एकत्र करून बाईंनी ही कहाणी सांगितली. वादळ एक दिवसात ओसरते, पण त्याने गरिबाच्या संसाराची घडी विस्कटते ती कित्येक वर्षे बसत नाही, हे त्यात दिसते. पुढे २०१२ साली 'थ्रॉल' हा संग्रह आला. अठराव्या शतकातील मेक्सिकोत मिश्र संततीची प्रतवारी लावणारी चित्रे काढली जात. ती चित्रे समोर ठेवून बाईंनी गोरा पिता आणि सावळी कन्या ह्यांच्यातील प्रेमाचा व दुराव्याचा शोध घेतला. त्या कन्येत त्या स्वतः आहेत, हे सांगावयास नको. वडील २०१४ साली वारले.

जून २०१२ मध्ये त्यांची अमेरिकेच्या राष्ट्रकवयित्री म्हणून नेमणूक जाहीर झाली. ह्या पदास इंग्रजीत इंग्लंडच्या राजकवीचेच नाव आहे. परंतु तेथे राजा नाही, स्तुतिपाठही नाही. 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' ह्या राष्ट्रीय ग्रंथालयामार्फत ही नेमणूक होते आणि देशात काव्याची आवड वाढावी एवढीच अपेक्षा असते. ह्या पदावर येणाऱ्या त्या एकोणिसाव्या. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यानेही त्यांना आपल्या राजकवयित्रीचा मान दिला. ज्या राज्याने त्यांच्या जन्माला कायदेशीर मानले नव्हते, त्याच राज्याने त्यांना आपला आवाज म्हटले. काळाचा महिमा म्हणतात तो हाच. बाईंनी हे पद शोभेचे राहू दिले नाही. पहिल्या वर्षी त्या वॉशिंग्टनला मुक्काम हलवून ग्रंथालयातील कवितेच्या दालनात बसल्या आणि येईल त्याच्याशी बोलल्या. दुसऱ्या वर्षी दूरचित्रवाणीच्या एका वार्ताविभागाबरोबर त्यांनी देशभर प्रवास केला. स्मृतिभ्रंश झालेले ब्रुकलिनचे वृद्ध, डेट्रॉइटच्या शाळांतील मुले, सिॲटलच्या बालगुन्हेगारांच्या बंदिगृहातील किशोर, अशा ठिकाणी कविता काय करू शकते ते त्यांनी लोकांना दाखविले. ज्यांची स्मृतीच हरपली आहे अशा म्हाताऱ्यांना लयबद्ध ओळ मात्र म्हणता येते, हे पाहणे स्मृतीच्या ह्या कवयित्रीस केवढे अर्थपूर्ण वाटले असेल!

त्यांच्या प्राध्यापकीविषयीही थोडे सांगावयास हवे. अमेरिकेत कवीला विद्यापीठाचा आश्रय मिळण्याची परंपरा आता जुनी झाली आहे. आयोवा विद्यापीठात लेखनाचे वर्ग १९३६ साली सुरू झाले आणि त्यांचे अनुकरण देशभर झाले. कवी चार भिंतींत कोंडला जातो व जीवनास पारखा होतो, असा आक्षेप ह्या पद्धतीवर घेतला जातो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु ट्रेथवेबाईंच्या बाबतीत उलटेच घडले. अलाबामातील ऑबर्न विद्यापीठात काही काळ शिकविल्यावर २००१ साली त्या अटलांटातील एमरी विद्यापीठात आल्या आणि पुढे तेथील लेखनविभागाच्या प्रमुख झाल्या. ज्या शहरात आई मारली गेली त्याच शहरात त्यांना परत यावे लागले. २०१७ साली त्या शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेल्या. विद्यापीठाने त्यांना ग्रंथालये दिली, दप्तरे दिली आणि शोध घेण्याची सवड दिली. केवळ भावना दाटून आल्या म्हणजे कविता होते असे नाही. कागदपत्र वाचावे लागतात, तारखा ताडून पाहाव्या लागतात. कवी आणि इतिहाससंशोधक ह्यांचे काम कोठे तरी एकच होते, हा धडा त्यांच्या पुस्तकांतूनच मिळतो.

ह्या धड्याची कठोर परीक्षा त्यांना घरच्याच दप्तराने द्यावयास लावली. आईच्या हत्येच्या ठिकाणी प्रथम पोहोचलेला पोलीस अधिकारी पुढे सरकारी वकिलाच्या कचेरीत काम करीत होता. २००५ साली योगायोगाने त्याची गाठ पडली. त्याने सांगितले, की वीस वर्षे झाली म्हणजे जुन्या खटल्याचे कागद नष्ट केले जातात. तुम्हांस हवे असतील तर आताच घ्या. त्या कागदांत आईने स्वहस्ते लिहिलेले आपल्या छळाचे निवेदन होते. मृत्यूच्या आदल्या दिवसांत त्या माणसाशी तिचे टेलिफोनवर झालेले संभाषणही पोलिसांनी उतरवून ठेवलेले होते. थोडा उशीर झाला असता तर आईचे शेवटचे शब्द रद्दीत गेले असते. कागद हाती आले, तरी ते वाचून त्यांवर लिहिण्यास आणखी पुष्कळ वर्षे लागली. २०२० साली 'मेमोरियल ड्राइव्ह' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात मुलीने आईचे निवेदन तिच्याच शब्दांत छापले. खटल्यातील एक मृत स्त्री एवढीच जिची ओळख दप्तरात उरली होती, ती येथे शहाणी, धीराची, आपल्या मुलांसाठी अखेरपर्यंत धडपडणारी ग्वेंडोलिन म्हणून उभी राहते.

ट्रेथवेबाईंच्या काव्यावर आक्षेप घेता येणार नाही असे नाही. त्यांचा स्वर फार संयत आहे, क्वचित कोरडा वाटावा इतका. तेच तेच विषय, म्हणजे आई, मिसिसिपी आणि मिश्र रक्त, पुन्हा पुन्हा येतात. काही कवितांत इतिहासाचे टिपण काव्याहून जड होते. परंतु संयम हा त्यांचा दोष मानण्यापूर्वी त्यांचे विषय काय आहेत ते पाहावे. जेथे आक्रोश सहज करता आला असता तेथे त्यांनी आवाज चढविला नाही. आक्रोशाने वाचक हेलावतो आणि मोकळा होतो. संयत शब्द त्याच्या मनात घर करून राहतो. पुनरुक्तीचे म्हणाल तर विस्मृती ही एकदाच होत नाही, ती रोज होत असते. तेव्हा स्मरणही रोज करावे लागते.

त्यांचे आयुष्य चालू असताना त्यांच्या देशात स्मारकांचा प्रश्न ऐरणीवर आला. बंडखोर पक्षाच्या सेनानींचे पुतळे अनेक शहरांतून हलविले गेले. २०२० च्या जूनमध्ये मिसिसिपीने आपल्या ध्वजावरील बंडखोरांचे चिन्ह काढून टाकण्याचा कायदा केला. ट्रेथवेबाईंनी निवडक कवितांचा संग्रह २०१८ साली काढला, त्याचे नावच 'मॉन्युमेंट', म्हणजे स्मारक, असे आहे. पुतळा उभारावा की पाडावा ह्या वादात त्यांचे काव्य तिसरीच गोष्ट सुचविते. जुन्या पाटीवरील नावे खरवडून काढल्याने गाळलेली नावे आपोआप उमटत नाहीत. ती कोणीतरी शोधून, जुळवून, नव्याने लिहावी लागतात.

२०२४ साली त्यांनी 'द हाउस ऑफ बीइंग' ह्या छोट्या पुस्तकात आपण का लिहितो ह्याचे उत्तर दिले आणि ते उत्तर शोधावयास त्या पुन्हा आजीच्या घरापाशी गेल्या. मिसिसिपीचा हमरस्ता, शेजारचे चर्च, आजीचे शिवणकाम आणि त्या घरात ऐकलेल्या गोष्टी ह्यांनी त्यांची भाषा घडविली. ज्या समाजाने त्यांच्या आईवडिलांचे लग्न नाकारले, आईला वाचविले नाही आणि शिपायांना विसरून टाकले, त्या समाजाशी त्यांनी संबंध तोडला नाही. त्याच्या वहीतील जुना मजकूर त्यांनी फाडून टाकला नाही. त्यावरच आपल्या ओळी आडव्या लिहिल्या. आज ते पान वाचणाऱ्याला दोन्ही हस्ताक्षरे वाचावी लागतात.